बत्तीस की बावीस?

गेल्या उपवासकाळातील एका रविवारी दुसरा मिस्सा आटोपून मी सोप्यावर येऊन बसतो न बसतो तोच आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ पायऱ्या चढून वर आले. हातात चौघडी केलेला कागद होता. धर्मगुरूच्या दारी माणसे कागद घेऊन येतात ती बहुधा बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी, नाहीतर मुलाच्या शाळाप्रवेशासाठी. म्हणून मी चष्मा काढून हात पुढे केला. कागदावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात प्रश्न लिहून आणले होते आणि पहिलाच प्रश्न असा होता : "बत्तीस घ्यावे की बावीस?"

क्षणभर मला उलगडा होईना. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दुसरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला, तो रिव्हॉल्व्हरच्या परवान्याचा होता.

या गृहस्थांचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांचा व्यवसाय काजूबियांच्या खरेदीचा. फाल्गुन-चैत्रात ते पेडण्यातील इब्रामपूर, हसापूर, चांदेल या गावांतून फिरतात, नदी ओलांडून डिचोली तालुक्यातील साळ आणि लाटंबार्से गाठतात आणि काही वेळा सीमेपलीकडे दोडामार्गापर्यंतही जातात. काजूबियांचा धंदा रोखीचा. डोंगरावरून टोपल्या उतरवून आणणारी म्हातारी हातात नोटा पडल्याशिवाय टोपली रिकामी करीत नाही आणि तिचे काही चुकते असेही मला वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी काळोख पडल्यावर परतत असता या गृहस्थांची गाडी दोघांनी अडविली, त्यांच्या दंडावर कोयत्याचा वार केला आणि पिशवी नेली. जखम भरली, पैसाही पुढल्या हंगामात भरून आला. परंतु त्या वळणावर आले की पाय आपोआप ब्रेकवर जातो, असे ते सांगतात. अर्ज, पोलिसांची चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला, इतक्या सर्व पायऱ्या चढून परवाना हाती आला होता. आता ठरलेल्या मुदतीत शस्त्र खरेदी करावयाचे होते.

हा प्रश्न घेऊन ते माझ्याकडेच का आले, हे वाचकांस सांगितले पाहिजे. माझे बालपण खडकीत गेले. माझे वडील तेथील दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात नोकरीस होते. १८६९ साली स्थापन झालेला हा कारखाना म्हणजे आमच्या लहानपणी एक मोठा भोंगा आणि एक मोठी भिंत. भोंग्यावर घरातील घड्याळे लावली जात आणि भिंतीपलीकडे काय चालते ते विचारावयाचे नसे. वडील मितभाषी होते. तरीपण एकदा जेवताना त्यांनी आम्हां भावंडांना सांगितले की, काडतूस म्हणजे चौघांचा संसार : पितळेची नळी, बुडाशी बसविलेली टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चौघांपैकी एकाने दगा दिला की संसार फुकट. प्रवचनात मी कधीतरी हा दाखला दिला होता. तेव्हापासून आमच्या गावात माझी ख्याती काडतुसांचा जाणकार अशी झाली आहे. ती खोडून काढण्याचा प्रयत्न मी पुष्कळ केला. असो.

मी त्यांना प्रथम सांगितले ते हे की, "बाब, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सरकारने तुम्ही जन्मण्यापूर्वीच देऊन ठेवले आहे."

बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. बत्तीस म्हणजे इंचाचे सुमारे बत्तीस शतांश, म्हणजे आठ मिलिमीटरांच्या आतबाहेर. बावीस म्हणजे साडेपाच मिलिमीटरांहून किंचित अधिक. अमेरिकेतील मनुष्य दुकानात जाऊन नऊ मिलिमीटर की पंचेचाळीस असा खल करतो, तो खल आपल्याकडे सामान्य नागरिकाला करावयाचाच नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील नियम यांनी बोअरांच्या दोन जाती पाडल्या आहेत. नऊ मिलिमीटर, .३८, .४५५, रायफलींत .३०३, अशी जी बोअरे सैन्याची आणि पोलिसांची आहेत वा होती, ती निषिद्ध. उरलेली अनिषिद्ध. परवान्यावर 'एन. पी. बोअर' अशी जी अक्षरे असतात त्यांचा अर्थ हाच. या भेदाचे मूळ माणसाच्या जिवाच्या काळजीत नसून कोठाराच्या काळजीत आहे. शतकापूर्वी सरहद्दीवर सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका पुष्कळांच्या हाती पडल्या होत्या. त्यांना चालेल असा माल शिकारीच्या नावाने देशात येऊ नये म्हणून १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने .४५० बोअरची आयात बंद केली. तेव्हा विलायतेतील बंदूकवाल्यांनी .४६५ आणि .४७० अशी नवी बोअरे काढून राजेरजवाड्यांची सोय केली. हत्तीला त्यातील फरक कळला नसावा. परंतु तत्त्व मात्र तेव्हापासून कायम आहे : शिपायाची गोळी रयतेच्या बंदुकीत बसता कामा नये.

म्हणून आमच्या या काजूवाल्या गृहस्थांपुढे खरी निवड राहिली ती कानपूरच्या सरकारी कारखान्यातील .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर, त्याच नावाच्या पण निराळ्या काडतुसाचे पिस्तूल किंवा .२२ चे एखादे हलके हत्यार यांपैकी. मध्यंतरी आयात बंद झाल्यापासून परदेशी जुनी हत्यारे जी काही देशात फिरत आहेत त्यांच्या किमती ऐकून त्यांनीच कानावर हात ठेवले.

बावीसचे त्यांना आकर्षण होते. हत्यार हलके, धक्का थोडा, काडतूस स्वस्त. बावीसची शिशाची गोळी अडीच ग्रामांच्या आसपास भरते, तर बत्तीसची रिव्हॉल्व्हरमधली सव्वासहा ग्रामांहून थोडी अधिक. परंतु बावीसच्या काडतुसाची एक खोड आहे. त्याला वेगळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत फिरवून बसविलेला असतो आणि कडेच्या एखाद्या भागात तो नीट पोचला नाही तर घोडा पडूनही बार निघत नाही. वडील म्हणत, मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसावर जितका भरवसा ठेवावा तितका कडेच्या काडतुसावर ठेवू नये. निशाण्याच्या कागदावर गोळी न सुटली तर हसून सोडता येते.

मग बत्तीस घ्यावयाचे तर रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? येथे एक फसवी गोष्ट आहे आणि ती पुष्कळ परवानाधारकांस ठाऊक नसते. रिव्हॉल्व्हरचे बत्तीस आणि पिस्तुलाचे बत्तीस ही दोन भिन्न काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरचे लांब, बुडाशी ठळक कड असलेले, बहुधा उघड्या शिशाच्या गोळीचे. पिस्तुलाचे आखूड, तांब्याच्या वेष्टनातील गोळीचे आणि अधिक दाबाचे. आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात सरकून बसू शकते. बसले म्हणून ते त्याचे झाले असे नाही. दुकानात नुसते "बत्तीसच्या गोळ्या द्या" म्हणू नका, हत्याराचे पूर्ण नाव सांगा आणि डबीवरील अक्षरे स्वतः वाचा, असे मी त्यांना दोनदा बजावले.

रिव्हॉल्व्हरच्या बाजूने मी एकच कारण सांगितले. काडतूस फुसके निघाले तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा दाबला की पुढचे घर समोर येते. पिस्तुलात वरचा खटका मागे ओढून फुसके काडतूस बाहेर फेकावे लागते आणि त्यासाठी दुसरा हात मोकळा आणि डोके ठिकाणावर असावे लागते. कानपूरचे जुने रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्ली घडणीचे, मधोमध मोडून उघडणारे, सहा काडतुसांचे, वजन सातशे ग्रामांच्या घरात. २०१४ च्या जानेवारीत 'निर्भीक' नावाचे पाचशे ग्रामांचे हत्यार खास स्त्रियांसाठी म्हणून निघाले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, तेव्हा ते कोणत्या स्त्रियांसाठी होते हा प्रश्न त्यावेळी अनेकांनी विचारला. २०२३ च्या ऑगस्टात 'प्रबल' आले, त्याचे चक्र बाजूला उघडते. बोअर सर्वांचे तेच, बत्तीस.

त्यांच्या कागदावरील तिसरा प्रश्न मात्र महत्त्वाचा होता. कोणी तरी त्यांच्या मनात भरवून दिले होते की बत्तीसची गोळी दुबळी आहे, तिने माणूस थांबत नाही. हे सर्वथा खोटे नव्हे. नऊ मिलिमीटरच्या गोळीत जितकी ऊर्जा असते तिच्या सुमारे तिसरा हिस्सा रिव्हॉल्व्हरच्या बत्तीसमध्ये असतो. परंतु 'थांबणे' हा शब्द सोपा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन सैन्य फिलिपीन बेटांत मोरो लोकांशी लढत असता .३८ बोअरच्या गोळ्या लागूनही मोरो योद्धे खंजीर घेऊन अंगावर येत, अशी तक्रार झाली. म्हणून १९०४ साली शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि मृत माणसांच्या देहांवर गोळ्या झाडून पाहण्यात आल्या आणि निष्कर्ष निघाला की बोअर पंचेचाळीस असावे. त्या गुरांचे वर्णन मी एकदा वाचले आणि पुस्तक मिटवून ठेवले. पुढे १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामी शहरात दोन सशस्त्र दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याचे दोघे अधिकारी ठार झाले. नऊ मिलिमीटरची एक गोळी दरोडेखोराच्या छातीत शिरून हृदयाच्या अलीकडे थांबली म्हणून बोअरावर ठपका आला. खात्याने दहा मिलिमीटर घेतले, मग .४० घेतले, आणि २०१४ साली त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने अभिप्राय दिला की नऊ मिलिमीटर पुरे आहे. हातातील लहान हत्यारांच्या जखमांत बोअरामुळे पडणारे अंतर अल्प, गोळी कोठे लागली आणि किती खोल गेली हेच मुख्य. अठ्ठावीस वर्षे फिरून गाडी पुन्हा निघाल्या ठिकाणी आली.

मी त्यांना याहून जवळचे दोन दाखले दिले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या महात्मा गांधींवर ज्या पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या गेल्या ते इटालियन बनावटीचे बेरेटा, आखूड नऊ मिलिमीटरचे, ज्याला .३८० म्हणतात. जाणकार हे बोअर दुबळ्यांत मोजतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या उपोषणांनी कृश झालेल्या त्या देहाला ते पुरले. मारेकरी मराठी बोलणारा होता, ही गोष्ट मराठीत लिहिणाऱ्याने टाळू नये. दुसरा दाखला १३ मे १९८१ चा. संत पेत्राच्या चौकात पोप महाशय जॉन पॉल दुसरे यांच्यावर पूर्ण शक्तीच्या नऊ मिलिमीटरच्या ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडण्यात आल्या. ते वाचले. दोन वर्षांनी, २७ डिसेंबर १९८३ रोजी, ते स्वतः कारागृहात जाऊन आपल्या हल्लेखोराजवळ बसले आणि १९८६ च्या फेब्रुवारीत आपल्या गोव्याच्या भूमीवरही येऊन गेले. दुबळ्या म्हटलेल्या गोळीने एक गेला, सबळ म्हटलेल्या गोळीने दुसरा राहिला. बोअरांचे कोष्टक पाठ करून जो मनुष्य रस्त्याने निर्धास्त चालू पाहतो त्याने हे दोन दिवस त्या कोष्टकाखाली लिहून ठेवावेत, असे मी त्यांस म्हणालो. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त कागदावरील तिसऱ्या प्रश्नावर रेघ मारली.

गोळीच्या नाकाविषयीही त्यांनी विचारले. पोकळ नाकाची गोळी मांसात शिरताच फुलासारखी उमलते, भोक मोठे पाडते आणि आरपार जात नाही. या विद्येचे माहेर आपलाच देश आहे. कलकत्त्याजवळील डमडमच्या दारूगोळा कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाक उघडे ठेवलेली .३०३ ची गोळी तयार झाली आणि सरहद्दीवरील टोळीवाल्यांवर वापरली गेली. तिची इतकी दुष्कीर्ती झाली की १८९९ साली हेग येथील परिषदेत राष्ट्रांनी युद्धात अशा गोळ्या न वापरण्याची घोषणा केली. आजही जगात त्या गोळीला डमडमच म्हणतात. गंमत अशी की अनेक देशांचे पोलीस नागरी कामासाठी ती उमलणारी गोळीच पसंत करतात आणि त्यांचे कारण अगदी वाईट नाही : गुन्हेगाराच्या शरीरातून पार होऊन मागच्या निरपराध माणसाला ती लागू नये. आपल्या रिव्हॉल्व्हरधारकाला हा पेच पडत नाही. त्याच्या वाट्याला येते ती गोल नाकाची साधी शिशाची गोळी. संथ चालते आणि उमलत नाही. मात्र ती कोणाच्या अंगणात जाऊन थांबेल हे पाहण्याची जबाबदारी चाप दाबणाऱ्याची, कारण खेड्यातील घरांच्या भिंती आणि कुंपणे सांगून मधे येत नाहीत.

येथे त्यांनी मला जो प्रश्न केला तो कागदावर नव्हता. "पाद्रीबाब, पाप लागेल का?"

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला संत थोमस आक्विनस यांचे या विषयीचे विवेचन शिकविले होते. स्वतःच्या जिवाचे रक्षण करणे हा मनुष्याचा धर्म आहे. त्या रक्षणात हल्लेखोराचा मृत्यू ओढवला तरी तो हेतू नसून परिणाम आहे. परंतु गरजेपेक्षा अधिक बळ वापरले की तेच कृत्य अधर्म्य होते. इंग्रजांच्या दंडसंहितेत खासगी संरक्षणाचा हक्क होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. आणि तेथेही मेख तीच : संरक्षणासाठी आवश्यक तितकीच इजा, अधिक नाही. धर्मशास्त्र आणि कायदा क्वचितच इतके एका आवाजात बोलतात. पिशवी घेऊन पळत सुटलेल्या चोराच्या पाठीवर गोळी झाडणे हे या दोहोंतही बसत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी दंडावरील जुन्या वणावरून हात फिरविला. त्या रात्री कोयता लागला तो आधी, पिशवी गेली ती नंतर. हातात रिव्हॉल्व्हर असते तर त्यांना सापडला असता तो चोरांच्या पाठीचाच क्षण. हे त्यांनाही त्याच वेळी उमगले असावे.

आता मी जे लिहितो ते त्या दिवशी त्यांना सांगितले नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मी डोंगरपायथ्याच्या एका गावी साहाय्यक धर्मगुरू होतो. तेथील एक तरुण शेतकरी माझ्याकडे चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागण्यास आला. रानडुकरे भाताची नासधूस करीत, पीकसंरक्षणासाठी बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना हवा होता. आपल्या पेडणे, डिचोली, सत्तरी भागात घरोघरच्या म्हाताऱ्यांना बंदुकीचे वावडे नाही. राणे मंडळींच्या बंडांच्या गोष्टी ऐकतच ती वाढली. मुलगा शांत, मिस्साला नियमित येणारा. मी एकही प्रश्न न विचारता सही केली आणि धर्मग्रामाचा शिक्का उमटविला. दीड वर्षाने पावसाळ्याच्या तोंडी मध्यरात्री मला बोलावणे आले. शेताच्या बांधावर त्याचाच सोबती पडला होता. "पाद्रीबाब, झुडूप हलले," इतकेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. हे पापनिवेदनात ऐकलेले नव्हे, सर्वांसमक्ष कंदिलाच्या उजेडात ऐकलेले आहे. मी मृताला तैलाभ्यंग केला तेव्हा माझ्या अंगठ्याला छऱ्यांची भोके लागली. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, १९७२ चा वन्यजीव कायदा निराळा आहे, रात्री न दिसणाऱ्या लक्ष्यावर बार काढू नये, ही वाक्ये मी सही करण्यापूर्वी बोलू शकलो असतो. ती बोलण्यास मला तीन मिनिटे लागली असती.

म्हणून या वेळी प्रश्न मी विचारले.

"सातशे ग्राम लोखंड दररोज कंबरेला बांधून तुम्ही इब्रामपूरचा डोंगर चढणार. घामाचे काय?" "पिशवीत ठेवीन." "म्हणजे चोर जी पिशवी नेणार तिच्यातच?" ते हसले. "रात्री कोठे ठेवणार? घरात नातू आहे, सहा वर्षांचा." पत्र्याच्या ट्रंकेत, कुलुपात. "किल्ली?" त्यांनी विचार केला. किल्ली घरच्यांकडे राहील, कारण ती त्यांच्याहून सावध आहे. "काडतुसे त्याच ट्रंकेत?" नाही, निराळी, कपाटात. "सराव?" परवान्यावर जितकी काडतुसे लिहिली असतील तितकीच घेता येतात, खर्चाचा हिशेब राहतो आणि एकेक काडतूस महाग. तेव्हा सराव म्हणजे वर्षाकाठी मोजक्या गोळ्या. "जो मनुष्य वर्षातून दहा वेळा मोटार चालवितो त्याच्या मोटारीत तुम्ही रात्री घाट उतराल का?" याला त्यांनी उत्तर दिले नाही.

शेवटी मी त्यांना परवान्याच्या पाठीवरील अटी मोठ्याने वाचावयास लावल्या. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-महाविद्यालयांचे आवार येथे हत्यार नेता येत नाही. हर्षाने हवेत बार काढणे हा २०१९ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे. निवडणूक जाहीर झाली की छाननी समिती बसते आणि पुष्कळांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. "म्हणजे फेस्ताला नाही, नातवाला शाळेतून आणायला जाताना नाही," ते बोटांवर मोजू लागले, "मिस्साला?" मिस्सा ही सार्वजनिक सभा आहे की नाही यावर वकिलाने बोलावे, परंतु माझ्या मंदिरात ते येऊ नये, असे मी म्हणालो. दररोज बाळगण्याचे हत्यार म्हणून जे घेतो त्याचे दररोज बाळगण्याचे दिवस मोजून पाहिले तर मधली भोके बरीच निघतात. "मग हंगामातले दोन-अडीच महिने, तेही संध्याकाळचे," असा हिशेब त्यांनी स्वतःच केला.

ते गेले आणि महिन्याने कळले की त्यांनी बत्तीसचे रिव्हॉल्व्हर घेतले. मला वाईट वाटले नाही, बरेही वाटले नाही. दंडावर कोयता बसलेल्या माणसाला न भिण्याचा उपदेश करणे मला जमत नाही. त्याच हंगामात त्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या : काळोखापूर्वी साळचा पूल ओलांडण्याचा नेम धरला आणि तरण्याताठ्या विक्रेत्यांचे पैसे मोबाइलवरून त्यांच्या खात्यात भरू लागले. म्हाताऱ्या मात्र अजून रोखच मागतात. पिशवी पूर्वीच्या निम्मी झाली आहे, असे ते म्हणाले.

ऑगस्टात, भर पावसात, ते पुन्हा सोप्यावर आले. रुमालाच्या गाठीत सहा काडतुसे होती. हत्यार घरी ट्रंकेत, एवढे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकले. पितळ हिरवट पडले होते. आपल्या हवेत श्रावणात पितळेला कळंक चढतोच. त्यांनी तेलाचे बोट फिरवून ती पुसली होती आणि नेमके तेच करावयाचे नसते. तेल टोपीच्या फटीतून आत झिरपते आणि मसाला मारून टाकते. काडतूस कोरड्या फडक्याने पुसावे, चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. डबीत कोरडे ठेवावे आणि दर हंगामाला नवे घ्यावे. या सहांवर आता भरवसा नाही, असे मी सांगितले. म्हणजे चैत्रापासून ते जे कंबरेला बांधून फिरत होते ते सुटले असते की नसते, देव जाणे. त्यांचा चेहरा उतरला.

मी एक काडतूस उचलून उजेडाकडे उलटे धरले. बुडावर टोपीभोवती अक्षरे होती : के एफ. खडकीची खूण. आमच्या घरी वर्षानुवर्षे एका पितळी डब्यात वडिलांच्या सुट्या नाण्यांबरोबर एक रिकामी नळी पडून असे, तिच्यावर हीच अक्षरे होती. संध्याकाळी घरी आल्यावर ते आधी हात धूत, साबणाने, दोनदा, आणि मगच आमच्या डोक्यावर ठेवीत.

"काय पाहता, पाद्रीबाब?"

मी त्यांना खूण दाखविली. त्यांनी काडतूस माझ्या हातून घेऊन डोळ्यांजवळ नेले आणि जरा थांबून विचारले, "तुमच्या वडिलांच्या हातून गेले असेल?"

"नाही," मी म्हणालो, "ते पुष्कळ आधी निवृत्त झाले."

त्यांनी सहाही काडतुसे पुन्हा रुमालात बांधली. फेस्ताला तीन आठवडे राहिले होते आणि मिरवणुकीतील छत्राचा एक दांडा दरवर्षी त्यांच्याकडे असतो. तो यंदा वाळवीने खाल्ला आहे, नवा करावयास हवा, तेव्हा माप घेतो म्हणून ते पावसातच मंदिराच्या मागल्या खोलीकडे गेले.